पार्श्वभूमी : हिरड्यांचा जीवाणू, मोरोक्को आणि एक वादग्रस्त वर्गीकरण

तोंड वरवर स्वच्छ दिसतं, वय पंधराच्या आसपास, आणि तरी पहिल्या दाढा व पटाशीचे दात हलायला लागतात. हा पेरिओडाँटायटिस, म्हणजे दातांना धरून ठेवणारं हाड झिजवणाऱ्या हिरड्यांच्या आजाराचा, लहान वयात होणारा प्रकार. त्याचं प्रमाण जगात कधीच सारखं नव्हतं. गोऱ्या युरोपीय मुलांमध्ये हजारी एक-दोन, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांमध्ये शेकडा दोनच्या वर. ‘वंश’ म्हटलं की प्रश्न सुटला, असं बरीच वर्षं मानलं गेलं.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आठ वर्षांच्या एका आफ्रिकन-अमेरिकन मुलाच्या तोंडातून ‘ॲग्रिगेटिबॅक्टर ॲक्टिनोमायसेटेमकॉमिटन्स’ या जीवाणूचा जेपी2 हा प्रकार वेगळा काढण्यात आला. (हे जिभेला पीळ पाडणारं नाव 2006 पासूनचं, जुने शोधनिबंध चाळायचे तर आधीची नावंही माहीत असावी लागतात. संशोधक ‘एए’ म्हणून मोकळे होतात.) जेपी2 चं वैशिष्ट्य 1994 मध्ये स्पष्ट झालं. पांढऱ्या पेशी मारणारं ल्यूकोटॉक्सिन हे विष या जीवाणूकडे असतंच, पण ते किती बनवायचं हे ठरवणाऱ्या डीएनएच्या पट्ट्यातली 530 अक्षरं जेपी2 मध्ये गळालेली आहेत. त्यामुळे लगाम सुटतो आणि विष कितीतरी पट जास्त तयार होतं.

मग निरनिराळ्या देशांतले नमुने शेजारी ठेवून पाहिले गेले. जेपी2 जवळपास सगळा आफ्रिकी वंशाच्या लोकांत सापडला. मोरोक्को, पश्चिम आफ्रिका, अमेरिका आणि ब्राझील इथले नमुने एकाच मूळ जीवाणूची संतती निघाले. साठत गेलेल्या बदलांवरून त्याचं वय सुमारे 2400 वर्षं आणि जन्मस्थान भूमध्य समुद्राकाठचा उत्तर आफ्रिका असा अंदाज बांधला गेला. पुढे तो पश्चिम आफ्रिकेत उतरला आणि गुलामांच्या जहाजांतून अटलांटिकपार गेला. चीन-जपानकडे तो क्वचितच आढळतो. तिथे याच जीवाणूचे दुसरे, तुलनेने सौम्य प्रकार जास्त दिसतात.

खरा पुरावा मात्र 2008 चा, मोरोक्कोतल्या रबात शहरातला. हिरड्या निरोगी असलेल्या शाळकरी मुलांना दोन वर्षांनी पुन्हा तपासलं. जेपी2 बाळगणाऱ्यांना आजार जडण्याचा धोका एए नसलेल्यांच्या सुमारे 18 पट भरला. एएचे इतर प्रकार बाळगणाऱ्यांना तो तिपटीच्या आसपास होता. हिरड्यांच्या आजारात आधी जीवाणू आणि मग आजार हा क्रम इतका स्वच्छ फार कमी वेळा दिसला आहे.

म्हणूनच 2017 चा निर्णय खटकतो. या आजाराला आधी ‘ज्युवेनाइल’ (किशोरवयीन) म्हणत. 1999 मध्ये वयाची अट काढून ‘ॲग्रेसिव्ह’ (झपाट्याने वाढणारा) केलं. 2017 मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या तज्ज्ञांनी मिळून ‘ॲग्रेसिव्ह’ व ‘क्रॉनिक’ (हळूहळू वाढणारा) हा भेदच मोडीत काढला आणि सगळं ‘पेरिओडाँटायटिस’च्या एका छत्राखाली आणलं: आजार किती गंभीर यासाठी चार स्टेज, किती वेगाने वाढतो यासाठी तीन ग्रेड. दोन्ही मूलतः वेगळे आजार आहेत असा सातत्यपूर्ण जैविक पुरावा नाही, ही त्यांची भूमिका होती. ती सर्वस्वी चुकीची म्हणता येणार नाही. 1999 नंतर तीस-पस्तिशीतले वाटेल ते रुग्ण ‘ॲग्रेसिव्ह’मध्ये कोंबले जात होतेच. पण सरासरी जगाची काढायची आणि रबातच्या मुलांना तिच्यात विरघळवायचं, हे कसं? ‘दाढ-पटाशी नमुना’ अशी एक नोंद नव्या पद्धतीत शिल्लक ठेवली आहे, तीही आजार किती पसरला याचं वर्णन म्हणून. ज्या आजाराचा एक ठळक कारक सापडला होता, त्याला स्वतःचा रकाना उरला नाही. दोन देशांची आकडेवारी ताडून पाहतानाही आधी ती कोणत्या सालच्या व्याख्येची आहे हे बघावं लागतं.

दुसऱ्या बाजूनेही सांगण्यासारखं आहे. श्रीलंकेतल्या 480 चहामळा-मजुरांना 1970 पासून पंधरा वर्षं तपासलं गेलं. दात घासण्याची सवय नाही, दंतवैद्य नाही, कीटण सगळ्यांच्या दातांवर. तरी फक्त 8 टक्क्यांचा आजार झपाट्याने वाढला, 81 टक्क्यांचा मध्यम गतीने, आणि 11 टक्क्यांचा हिरडी सुजण्यापुढे गेलाच नाही. प्रतिकारशक्ती आणि आनुवंशिकतेचा हिशेब धरल्याशिवाय हा फरक समजत नाही.

2013 मध्ये अमेरिकेतल्या चार वांशिक गटांच्या हिरड्यांखालचे जीवाणू वेगवेगळे निघाले. जीवाणूंवरून गट ओळखण्याचा प्रयोगही बऱ्यापैकी जमला. बातम्यांनी त्याचे ‘तोंडातले वांशिक बोटांचे ठसे’ करून टाकले. आहार, घरातून मुलांकडे जाणारे जीवाणू आणि स्थलांतर यांचा गुंता वांशिक गटांच्या त्या रकान्यांत दिसत नाही. त्याच वर्षी युरोपातल्या प्राचीन सांगाड्यांच्या कीटणातल्या डीएनएवरून शेती आणि नंतर औद्योगिक क्रांती या दोन टप्प्यांवर तोंडातले जीवाणू बदलल्याचं मांडलं गेलं, पण ते नमुने युरोपातलेच. दरम्यान स्वीडनमध्ये, आफ्रिकेशी ज्यांचा कौटुंबिक संबंध नाही अशा रुग्णांतही जेपी2 सापडला. तेव्हापासून ‘आफ्रिकी जीवाणू’ हे लेबल टिकवणं अवघड झालं आहे.