डबा बदलायचा की आतला माल? व्हिडिओ कन्व्हर्ट करण्याआधी

आजीचं सहस्रचंद्रदर्शन २०१० साली झालं. चौरंगावर बसलेली आजी आणि तिच्यासमोर एक्क्याऐंशी दिव्यांचं ताट धरून उभ्या असलेल्या आत्या, काकू, बहिणी. काकांनी हॅन्डीकॅमवर सगळा सोहळा टिपला होता. चार वर्षांनी पेनड्राइव्हवरून तो टीव्हीवर लावायला गेलो, तर टीव्हीला फाइली दिसेचनात. कॅमेऱ्याने त्या ‘एमटीएस’ म्हणून साठवल्या होत्या आणि टीव्ही एमपी४ मागत होता. मी एक फुकटचा कन्व्हर्टर उतरवून घेतला, सगळ्या फाइली त्यात टाकल्या, ‘एमपी४’ निवडलं आणि झोपलो. सकाळी फाइली तयार होत्या, टीव्हीवर चालल्या, आकारानेही चांगल्याच लहान झाल्या होत्या. हार्ड डिस्कवर जागा नव्हती, म्हणून मूळ फाइली पुसून टाकल्या.

आज ते औक्षण मोठ्या पडद्यावर लावलं की ज्योतींच्या जागी पिवळे चौकोन दिसतात. आजीच्या पैठणीचा काठ म्हणजे नुसता सोनेरी पट्टा, त्यातले मोर कुठे गेले कळत नाही. आणि हे सगळं टळलं असतं, कारण त्या फाइलींच्या आतलं चित्र टीव्हीला चालणारंच होतं. फक्त बाहेरचा डबा वेगळा होता. डबा बदलायचं काम पाच मिनिटांचं, आणि त्यात चित्राचा एक ठिपकाही हलला नसता.

‘व्हिडिओ कन्व्हर्ट करून घे’ असं आपण सहज म्हणतो, पण त्या एका क्रियापदाखाली दोन वेगळी कामं दडलेली असतात. एकात डबा बदलतो आणि माल तसाच राहतो. दुसऱ्यात माल पुन्हा नव्याने बनतो. जाणकार पहिल्याला रीमक्स म्हणतात आणि दुसऱ्याला री-एन्कोड किंवा ट्रान्सकोड. बाहेरून पाहिलं तर दोन्हीकडे एक एमकेव्ही आत जाते आणि एक एमपी४ बाहेर येते, म्हणून गफलत होते.

आधी डबा पाहू. एव्हीआय, एमओव्ही, एमपी४, एमकेव्ही, एमटीएस ही सगळी डब्यांची नावं. इंग्रजीत याला कंटेनर म्हणतात. डब्यात निदान दोन गोष्टी असतात, चित्राचा प्रवाह आणि आवाजाचा प्रवाह. कधी सबटायटल, कधी दुसऱ्या भाषेतला आवाजही असतो. कुठल्या क्षणी कुठलं चित्र आणि कुठला आवाज हे जुळवून ठेवणं हे डब्याचं काम. चित्र कसं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. एव्हीआय हा मायक्रोसॉफ्टचा १९९२ चा डबा. एमओव्ही ॲपलच्या क्विकटाइमचा, आणि एमपी४ त्याच्याच आराखड्यावरून पुढे प्रमाण झालेला, म्हणून ही दोन सख्खी भावंडं. एमकेव्हीचं मूळ नाव मात्रोश्का या रशियन बाहुलीवरून आलं आहे. एका बाहुलीच्या पोटात दुसरी असते ना, तीच. या डब्यात जवळजवळ काहीही मावतं, आणि टीव्हीशी त्याचे खटके उडतात ते बहुतेक वेळा याच मोकळेपणामुळे.

आतला माल ही वेगळी बाब. तो ज्या पद्धतीने दाबून भरलेला असतो तिला कोडेक म्हणतात. दाबायची गरज का पडते, त्याचा हिशोब घरी मांडता येतो. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके. सेकंदाला अशी २५ चित्रं. रंगांची माहिती नेहमीप्रमाणे थोडी कमी करून ठेवली तरी तासाभराचं न दाबलेलं चित्रण २८० जीबीच्या घरात जातं. काकांच्या कॅमेऱ्यासारखे हॅन्डीकॅम तेच तासाला साडेसात जीबीच्या आसपास बसवत. हे कसं जमतं? मागचा मंडप हलत नसेल, तर तो प्रत्येक चित्रात पुन्हा न लिहिता ‘मागच्यासारखंच’ एवढीच नोंद होते. शिवाय डोळ्याला सहसा जाणवणार नाहीत असे बारकावे गाळले जातात. जे गाळलं ते गेलं, परत येत नाही.

म्हणून री-एन्कोडिंग हे झेरॉक्सवरून झेरॉक्स काढण्यासारखं आहे. सातबाऱ्याच्या मूळ उताऱ्याची पहिली झेरॉक्स चांगली येते. त्या झेरॉक्सची झेरॉक्स काढली की शिक्क्याच्या कडा पसरतात, तिसऱ्या वेळी गट क्रमांक वाचताना डोळे बारीक करावे लागतात. व्हिडिओतही तसंच. पहिल्या दाबण्यात उमटलेला बारीकसा डाग दुसऱ्या वेळी यंत्राला खरं चित्रच वाटतो, आणि तो जपायच्या नादात खऱ्या ज्योतीचा बारकावा गाळला जातो. काळजीपूर्वक केलं तर फरक डोळ्याला दिसणार नाही इतका कमी ठेवता येतो, हे खरं. पण माझ्यासारखं ‘मोबाइलसाठी एमपी४’ असं काहीतरी निवडून झोपी गेलात, तर उरतात ते चौकोन.

नावांनी तर घोटाळा आणखी वाढवला आहे. एमपेग-४ हे एकाच प्रमाणाचं नाव नाही, तो अनेक भागांचा संच आहे. त्याचा भाग २ हा जुना कोडेक. डिव्हएक्स आणि एक्सव्हिड नावाने सीडीवर फिरणारे सिनेमे याच पद्धतीने दाबलेले असत आणि एव्हीआयच्या डब्यात येत. भाग १० म्हणजे २००३ सालचा एच.२६४, जो आज फोनपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे चालतो. आणि भाग १४ म्हणजे एमपी४ हा डबा! एकाच आडनावाचे तिघे, त्यातले दोघे माल आणि एक डबा. म्हणून ‘माझी फाइल एमपी४ आहे’ या वाक्यातून ती टीव्हीवर चालेल की नाही हे कळत नाही. आत एच.२६४ असेल तर बहुधा चालेल. आत २०१३ चा एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी असेल, तर जुना टीव्ही आवाज देईल आणि पडदा काळा ठेवेल. आयफोन २०१७ पासून ‘हाय एफिशियन्सी’ या सेटिंगमध्ये याच पद्धतीने चित्रण साठवतात. अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेला नातवाचा व्हिडिओ इथल्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडत नाही, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

इथे एक तिसराही गैरसमज येतो, तो लगेच निकालात काढू. फाइलच्या नावातलं शेपूट बदलून ‘एमकेव्ही’चं ‘एमपी४’ लिहिलं, तर ना डबा बदलतो ना माल. बदलते ती फक्त डब्यावरची चिठ्ठी. काही प्लेअर चिठ्ठीकडे न बघता आत डोकावतात, म्हणून अशी फाइल एखाद्या ठिकाणी चालून जाते आणि गैरसमज पक्का होतो.

मग आत काय आहे ते बघायचं कसं? कॉम्प्युटरवर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर असेल तर त्यात फाइल लावा आणि कंट्रोल धरून जे दाबा. एक खिडकी उघडते. तिच्यात ‘स्ट्रीम ०’, ‘स्ट्रीम १’ अशा ओळी असतात आणि प्रत्येकीखाली कोडेकचं नाव. चित्राच्या ओळीखाली ‘एच२६४ – एमपेग-४ एव्हीसी (पार्ट १०)’ दिसलं की निम्मी काळजी मिटली. तिथेच पिक्सेलची, म्हणजे ठिपक्यांची संख्या आणि फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, ते दिसतं, आणि आवाजाच्या ओळीखाली एएसी, एसी-३ किंवा डीटीएस असं आवाजाच्या कोडेकचं नाव. आणखी तपशील हवा तर मीडियाइन्फो नावाचं छोटं, फुकट सॉफ्टवेअर आहे. हे बघायला अर्धं मिनिटही लागत नाही. २०१४ साली मी एवढं केलं असतं तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

काकांच्या कॅमेऱ्याची पद्धत एव्हीसीएचडी. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ मध्ये ती आणली. एमटीएसच्या डब्यात चित्र एच.२६४ आणि आवाज बहुधा एसी-३. दोन्ही एमपी४ मध्ये जसंच्या तसं बसतं. म्हणजे रीमक्ससाठी याहून सोपा मामला नाही. लॉसलेसकट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल ओढून टाकायची, बाहेर पडणारा डबा एमपी४ निवडायचा आणि एक्सपोर्ट म्हणायचं. किंवा ॲव्हिडेमक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये डावीकडे चित्रासाठी आणि आवाजासाठी दोन्हीकडे ‘कॉपी’ ठेवायचं, खाली ‘एमपी४ मक्सर’ निवडायचं आणि सेव्ह करायचं. ‘कॉपी’ हा शब्द इथे लाखमोलाचा. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चित्रासमोर ‘कॉपी’ असेल तर माल शाबूत आहे असं समजा.

वेळेवरूनही काम ओळखता येतं. रीमक्समध्ये कॉम्प्युटर फाइल वाचतो आणि दुसरीकडे लिहितो, म्हणजे हार्ड डिस्कच्या वेगाने काम उरकतं. री-एन्कोडमध्ये तासाच्या चित्रणातली नव्वद हजार चित्रं एकेक उलगडून पुन्हा दाबावी लागतात. लॅपटॉपचा पंखा घोंघावू लागला आणि पडद्यावर ‘उरलेला वेळ दोन तास’ असं दिसलं की समजावं, माल बदलला जातोय. नुसता डबा बदलायचा इरादा असेल तर तिथेच थांबवा.

हॅन्डब्रेकबद्दल इथे बोललंच पाहिजे, कारण व्हिडिओ कन्व्हर्ट करायला पुष्कळ जण ते वापरतात. सॉफ्टवेअर उत्तम आहे, फुकट आहे, मी स्वतः वापरतो. पण ते चित्र प्रत्येक वेळी नव्याने एन्कोड करतं. त्यात आवाज जसाच्या तसा पुढे पाठवायची सोय आहे, चित्राची नाही. एच.२६४ मधून एच.२६४ मध्येच ‘कन्व्हर्ट’ करण्यासाठी लोक ते तासन्‌तास चालवतात, तेव्हा जीव हळहळतो.

मधला मार्गही आहे आणि तो फार उपयोगी. चित्र दिसतंय, आवाज येत नाही, ही तक्रार एमकेव्हीबाबत नेहमी ऐकू येते. कारण पुष्कळदा आवाज डीटीएस पद्धतीचा असतो आणि अनेक टीव्ही तो घेत नाहीत. अशा वेळी चित्राला हात लावायचाच नाही. ॲव्हिडेमक्समध्ये चित्र ‘कॉपी’, आवाज तेवढा एएसी किंवा एसी-३ करायचा. आवाज दाबणं हलकं काम असल्याने ते लवकर होतं. एमकेव्हीतली सबटायटल मात्र एमपी४ मध्ये नेताना अनेकदा गळतात, कारण तो डबा त्यातले बरेच प्रकार घेत नाही. ती वेगळी काढून शेजारी ठेवा.

पेनड्राइव्हचीही एक खोड सांगून ठेवतो. तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसतच नाही. लोक तिथे फाइल कन्व्हर्ट करून लहान करतात. त्याची गरज नसते, पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की भागतं. फक्त टीव्हीला एक्सफॅट वाचता येतं ना, ते आधी बघून घ्या.

री-एन्कोड वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. जुन्या टीव्हीला एच.२६५ कळत नसेल, तर चित्र एच.२६४ मध्ये नव्याने बनवावंच लागतं. लग्नाच्या जुन्या डीव्हीडीचंही तसंच. त्यातल्या व्हीओबी फाइलींत एमपेग-२ पद्धतीचं ७२० बाय ५७६ चं चित्र असतं. ते बहुधा इंटरलेस्ड असतं, म्हणजे एकाआड एक ओळींनी काढलेलं. कॉम्प्युटरवर नवरदेव घोड्यावरून हलला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात त्या यामुळेच. फोनवर बघायचं असेल तर डीइंटरलेस करून, म्हणजे त्या ओळींचं सलग चित्र बनवून, एन्कोड करणंच योग्य. हॅन्डब्रेकमध्ये ‘आरएफ’ नावाचा आकडा असतो. तो जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. डीव्हीडीच्या चित्रासाठी १८ ते २२ आणि फुल एचडीसाठी २० ते २४ च्या दरम्यान ठेवा. घरच्या आठवणींसाठी मी खालच्या टोकाला राहतो. ७२० चं चित्र १९२० चं करायचा मोह टाळा, नसलेला बारकावा कुठून येणार? आणि नवी फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितल्याशिवाय जुनी पुसू नका. डीव्हीडीची प्रतिमा, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, बाजूला जपून ठेवा, जागा लागली तरी.

मागच्या दिवाळीत चुलतभावाच्या जुन्या हार्ड डिस्कवर त्या दिवसाची एक मूळ एमटीएस फाइल सापडली. काकांनी त्याला तेव्हाच दिली होती. लॉसलेसकटमध्ये टाकली, अर्ध्या मिनिटात एमपी४ झाली, टीव्हीवर लावली. पंगत बसलेली आहे. आजीच्या पानातल्या जिलबीवर पाक चमकतोय, आणि आई वाकून तिला मठ्ठा वाढतेय. आजीच्या हातावरच्या शिरासुद्धा दिसतात. औक्षणाची फाइल मात्र त्या डिस्कवर नव्हती.