आतडी चिकटलीत, की पोटाची भिंत दुखतेय?

ऑपरेशनला वर्ष उलटलं, टाके कधीच सुकले, सोनोग्राफी 'नॉर्मल' आली, तरी पोट दुखायचं थांबत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "आतडी चिकटली असतील." चिकटलेली असतातही. पोट उघडून केलेल्या मोठ्या ऑपरेशननंतर बहुतेकांच्या पोटात थोडेफार चिकट पट्टे तयार होतात. डॉक्टर त्यांना ॲडहेजन्स म्हणतात. पण पुष्कळांना ते जन्मभर कळतही नाहीत. पट्टे असणं वेगळं आणि दुखणं त्यांच्यामुळेच असणं वेगळं. सगळी गफलत इथेच होते.

पोटाच्या पोकळीला आणि आतड्यांना पेरिटोनियम नावाचा गुळगुळीत पडदा असतो. त्याचा वरचा थर जेमतेम एका पेशीइतका जाड. ऑपरेशनमध्ये तो घासला गेला, कोरडा पडला, तिथे रक्त साचलं किंवा पू झाला, की त्या जागी फायब्रिनचं, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचं, खळीसारखं जाळं पसरतं. सगळं सुरळीत असलं तर शरीर ते तीनेक दिवसांत विरघळवतं आणि आठवड्याभरात नवा थर येतो. रक्तपुरवठा तोकडा पडला किंवा सूज जास्त असली की हे विरघळवणं मंदावतं. मग जाळ्यात पेशी शिरतात, कोलॅजन हे चिवट प्रथिन भरतं, रक्तवाहिन्या वाढतात. काही पट्ट्यांत वेदनेचे चेतातंतूही सापडले आहेत. एकमेकांवरून सहज सरकणारी आतडी मग चुकून शिवणीत अडकलेल्या अस्तरासारखी ओढली जातात.

असे पातळ पट्टे सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये सहसा दिसत नाहीत. त्यामुळे रिपोर्ट चांगला आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. पण 'चिकटलंय' हा शिक्का मारण्याआधी एक साधी तपासणी व्हायला हवी, आणि घाईगर्दीच्या ओपीडीत नेमकी तीच राहून जाते. रुग्णाला उताणं झोपवून सगळ्यात दुखऱ्या जागी बोटाने दाबून धरायचं आणि हात छातीवर ठेवून डोकं-खांदे उचलायला सांगायचं. पोटाचे स्नायू ताठ झाले की आतले अवयव ढालीआड जातात. आता दुखणं कमी झालं तर मूळ बहुधा आत आहे. तेवढंच राहिलं किंवा वाढलं, तर दोष पोटाच्या भिंतीत: व्रणाजवळ अडकलेली नस किंवा हर्निया. सिझेरियनच्या आडव्या छेदाच्या टोकांशी अशी नस अडकण्याचा संभव असतो. त्या नेमक्या जागी लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन दिल्यावर दुखणं थांबलं, तर निदान आणि उपचार एकाच सुईत होतात.

दुखणं आतलंच असेल तर 'पुन्हा दुर्बीण घालून पट्टे कापून टाका' असं वाटणं साहजिक आहे. नेदरलँड्समध्ये १०० रुग्णांवर हे पडताळून पाहिलं गेलं. काहींचे पट्टे कापले, बाकीच्यांच्या पोटात दुर्बिणीने नुसतं पाहिलं. २००३ मध्ये निष्कर्ष आला: वर्षभरानंतर दोन्ही गटांना आराम सारखाच. कापताना आतड्याला भोक पडण्याचा धोका असतो आणि कापलेल्या जागी नवे पट्टे येतात. म्हणून नुसत्या दुखण्यासाठी पुन्हा पोट उघडायला सांगितलं, तर दुसऱ्या सर्जनचं मत जरूर घ्यावं.

रोजच्या जगण्यात सर्वाधिक फरक पडतो तो चावण्याने. पट्ट्यांमुळे आतडं अरुंद झालेल्या जागी चोथा अडकतो. मक्याचं कणीस, ओल्या खोबऱ्याचे तुकडे, संत्र्याच्या सालपटासकट फोडी, कच्चा कोबी ही नेहमीची कारणं. शेवग्याची शेंग चोखून चोथा टाकावा, गिळू नये. दोन भरपेट जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं खावं. पोट फुगून कळा येऊ लागल्या की काही दिवस मऊ भात, मुगाची खिचडी, ताक, गाळलेलं सूप यांवर राहावं. इसबगोल सगळ्यांनाच मानवतं हा गैरसमज. अडथळा असताना तो फुगून बूच बसवतो. कळा येत असताना एरंडेल तर अजिबात नको.

दुखणं महिनोन्‌महिने चाललं की मज्जासंस्थाच हळवी होते आणि नेहमीचा गॅससुद्धा कळ वाटू लागतो. अशा वेळी रात्री १० मिलिग्रॅम ॲमिट्रिप्टिलिनसारखी औषधं देतात. ती नैराश्याच्या यादीतली आहेत म्हणून रुग्ण बिचकतात. इथे काम नसा शांत करण्याचं असतं. ट्रामाडोलसारख्या जोरदार वेदनाशामक गोळ्या मात्र आतड्याची हालचाल मंदावून बद्धकोष्ठ वाढवतात.

थांबायचं नाही अशी वेळ कोणती? मुरडून कळा, हिरवी-पिवळी उलटी, ताठ फुगलेलं पोट, आणि शौच व वारा दोन्ही बंद. सोबत ताप असेल किंवा कळ न थांबता सतत दुखू लागलं, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असण्याची शक्यता असते; मग तास मोजायचे. तोंडाने काहीही न देता, जुन्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड घेऊन सर्जन असलेल्या दवाखान्यात जावं. तिथे नाकातून नळी आणि सलाईन लावतात. आतडं धोक्यात नसेल तर बऱ्याचदा नळीतून साधारण १०० मिलिलिटर, एक्स-रेत दिसणारं औषध देतात. २४ तासांत ते मोठ्या आतड्यात पोचलेलं दिसलं, तर ऑपरेशनशिवाय वाट मोकळी होण्याची शक्यता चांगली असते. तीन दिवसांतही अडथळा सुटला नाही, तर बहुधा ऑपरेशनच करावं लागतं.