उड्या मारणारी जनुकं वाट्टेल तिथे बसत नाहीत

'उड्या मारणारी जनुकं जागेवरून उठतात आणि वाट्टेल तिथे जाऊन बसतात,' हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. शास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांना १९४०च्या दशकात मक्यात सापडलेली जनुकं जागा सोडतात, हे खरं. पण आपल्या प्रतींनी माणसाच्या जीनोमचा, म्हणजे सगळ्या डीएनएचा, सुमारे १७ टक्के भाग व्यापणारं लाइन-१ हे उड्या मारणारं जनुक जागा सोडतच नाही. त्याची आरएनए प्रत निघते. त्याचंच विकर (एन्झाइम) नव्या जागी डीएनएचा एक धागा कापतं, तेही बहुधा डीएनएच्या चार अक्षरांपैकी टी अक्षरांच्या रांगेपाशी. त्या मोकळ्या टोकाला आरएनएची ए अक्षरांची शेपटी जुळते आणि तिथल्या तिथे नवा डीएनए तयार होऊ लागतो. किती नेमकं काम! यीस्टमधलं टीवाय-३ हे असंच जनुक तर टीआरएनएच्या (प्रथिनं बनवताना अमिनो आम्लं आणून देणाऱ्या आरएनएच्या) जनुकांच्या अगदी तोंडाशी घुसतं. आपल्यातल्या बहुतेक लाइन-१ प्रती मात्र अर्धवट आणि निष्क्रिय आहेत.