चैत्रगौर

चैत्रगौर : चैत्र शुद्ध तृतीयेपासून वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, महाराष्ट्रातील अनेक घरांत चालणारा गौरीचा उत्सव. गौर या महिन्यात माहेरी येते अशी समजूत असल्याने तिला झोपाळ्यात किंवा छोट्या पितळी पाळण्यात बसवतात. महिन्याभरात घराच्या सोयीने एखादा दिवस, शक्यतो मंगळवार किंवा शुक्रवार, धरून आळीतल्या व नात्यातल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावतात. चांद्र तिथींमुळे इंग्रजी तारीख दर वर्षी सरकते. २०२३ साली गौर २४ मार्चला बसली, तर मधल्या अधिक श्रावणामुळे २०२४ साली ती ११ एप्रिलला आली.

पूजेचा भाग अगदी थोडा. देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा घासून-पुसून झोपाळ्यात ठेवायची, रोज हळदकुंकू, फूल आणि घरात असेल तो नैवेद्य दाखवायचा. भटजी लागत नाहीत, उपास नाही, सोवळ्याचा बडिवार नाही. या सणाचे खरे अंग म्हणजे वसंताच्या तोंडावर घरात जे नवे येते ते मांडणे आणि दुसऱ्याला खाऊ घालणे. हरभरा हे रब्बीचे पीक. त्याची काढणी फाल्गुनाच्या सुमारास उरकते आणि चैत्रात नवी डाळ घरात असते. उसाचा हंगाम संपत आल्याने नवा गूळही आलेला असतो. पौष-माघात मोहरलेल्या आंब्याला याच सुमारास कैऱ्या लागतात. डाळ, गूळ आणि कैरी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी ताज्या मिळण्याचे हे थोडेच दिवस असतात, आणि चैत्रगौरीचे सगळे खाणे त्यांच्यावरच उभे आहे.

आंब्याची डाळ हा या हळदीकुंकवाचा मुख्य पदार्थ. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून चाळणीत उपसतात आणि पाण्याचा थेंबही न घालता हिरवी मिरची, जिरे व मीठ यांसह भरड वाटतात. सगळे कौशल्य या भरडपणात आहे. पाट्यावर ती आपसूक साधते. मिक्सरवर मात्र थांबत थांबत फिरवावी लागते, नाहीतर डाळीचा गोळा होतो आणि चव कच्च्या पिठाकडे झुकते. वाटलेल्या डाळीत किसलेली कैरी, चिमूटभर साखर, ओले खोबरे व कोथिंबीर घालून वरून मोहरी, हिंग, हळद आणि सुक्या मिरच्यांची फोडणी देतात. फोडणी थोडी निवल्यावर घालावी. कडकडीत तेलाने कैरीचा कोवळा वास मरतो. हिंग सढळ हवा, कारण कच्ची डाळ पोटाला जड असते. कैरी आंबटढाण, करकरीत आणि बाठ न धरलेली असावी. रायवळ झाडाची मिळाली तर उत्तमच. तोतापुरीने रंग येतो, पण आंबटपणाची धार येत नाही. कैरीचे प्रमाण तिच्या आंबटपणावर ठरते, म्हणून जाणत्या बायका ती थोडी थोडी घालून चाखत जातात. चैत्राच्या उष्म्यात ही डाळ लवकर आंबते, तेव्हा ती त्याच दिवशी संपवावी. गणपती विसर्जनाला करतात ती वाटली डाळ वेगळी : ती परतून वाफवलेली असते आणि तिच्यात कैरी नसते.

डाळीबरोबर पन्हे हवेच. कैऱ्या उकडून गर काढतात, तो गरम असतानाच त्यात साधारण दुप्पट गूळ मिसळतात, मग वेलदोडा आणि चिमूटभर मीठ. साखरेचे, केशर घातलेले पन्हे दिसायला देखणे. गुळाच्या पन्ह्याची खोली त्याला नाही. गर तयार ठेवला की पाहुणे येतील तसे माठातले, वाळ्याचा वास लागलेले पाणी घालून पेले भरता येतात.

आल्या-गेल्या बाईची ओटी भिजवलेल्या हरभऱ्यांनी भरतात. हातावर चंदनाचा गार लेप लावून त्यावर शिंपल्याने रेघांची नक्षी उठवतात, अत्तर लावतात, गुलाबपाणी शिंपडतात आणि नुकताच फुलू लागलेल्या मोगऱ्याचा गजरा देतात. दुपारभर तापलेल्या घरात संध्याकाळी हे सगळे एकदम अंगावर येते, त्याचे सुख वेगळेच. गौरीपुढे पायऱ्यांची आरास असते : कमळासारखे कापलेले कलिंगड, काकड्या, द्राक्षे, करंज्या, लाडू आणि घरातल्या मुलांची खेळणी. आरास मांडण्याचा हक्क बहुधा मुलांकडेच जातो आणि त्यांना तो सोडावासा वाटत नाही.

दारात चैत्रांगण काढतात. सडा घालून किंवा गेरूने सारवून त्यावर पांढऱ्या रांगोळीने वरती तोरण, मध्ये झोपाळ्यातली गौर आणि भोवती सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मे, कासव, नाग, मोर, हत्ती, तुळशीवृंदावन, फणी-करंडा, लक्ष्मीची पावले अशी चिन्हे येतात. किती चिन्हे काढायची हे घरोघरी वेगळे. ५१ आणि ६४ हे आकडे नेहमी ऐकू येतात. काही घरांत महिनाभर रोज ते नव्याने काढतात. बोटांच्या चिमटीतून, कागदावर न उतरवता, एका पिढीकडून दुसरीकडे आलेली ही चित्रलिपी आहे आणि ती तशीच शिकवली जावी. छापील स्टिकर दाराची शोभा करतो, पण हात तयार करत नाही.

राजस्थानातील गणगौर होळीनंतर सुरू होऊन याच चैत्र शुद्ध तृतीयेला संपते. कर्नाटकात रामनवमीला गुळाचे पानक आणि भिजवलेल्या मूगडाळीची कोशिंबीर देतात. डाळ भिजवून कच्ची खाण्याची आणि गुळाचे पेय देण्याची ऋतूची गरज तिथेही तीच. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी घरांनी चैत्रगौर सांभाळली आहे. परदेशी मराठी मंडळी भारतीय दुकानातली कैरी मिळाली की शनिवार-रविवार बघून हळदीकुंकू करतात. महिन्याची मुदत त्यांनाही सोयीची पडते.

हा उत्सव मुख्यतः पांढरपेशा घरांतला राहिला आणि हळदीकुंकवाचा मान केवळ सवाष्णींना असल्याने विधवा बायका त्याच घरात, डाळ वाटायला हाताशी असूनही, बाजूला राहात. हे अन्यायाचेच होते. आता अनेक घरांत आलेल्या प्रत्येकीची ओटी भरतात, तर काही ठिकाणी पुरुष आणि मुलांनाही डाळ-पन्ह्याला बोलावणे असते. अक्षय्य तृतीयेला गौरीला शेवटचा नैवेद्य दाखवून ती झोपाळ्यातून उचलतात व पुन्हा देव्हाऱ्यात ठेवतात.