पुस्तकं बारा हजार, आयडी अडतीस कोटी

आमच्या गावच्या वाचनालयाचं सॉफ्टवेअर मीच फावल्या वेळात लिहून दिलंय, त्यामुळे तक्रारीही माझ्याच दारात येतात. चतुर्थीच्या आधी म्हापशाच्या बाजारात सचिव काका भेटले. हातात माटोळीचं सामान आणि चेहऱ्यावर काळजी. "अरे, काल एक कादंबरी चढवली, तर आयडी म्हणे अडतीस कोटी एकोणसाठ लाख! आपली पुस्तकं बारा हजार. कोणी हॅकबिक केलं की काय?"

हॅक कोणी केलं नव्हतं. पण काकांचा समज पुष्कळ शिकलेल्या लोकांचाही असतो: आयडी म्हणजे मोजणी, शेवटचा आयडी बघितला की एकूण नोंदी कळल्या. तसं नसतं.

डेटाबेसच्या तक्त्यात प्रत्येक ओळीला एक ओळखक्रमांक लागतो. हीच प्रायमरी की. पुस्तकावर दाखल क्रमांक असतोच, मग तोच का नको? कारण तो माणसांनी दिलेला असतो. आमच्या जुन्या रजिस्टरात '१०४२-अ' आहे, एक चुकून चढवलेला आकडा पुढे लाल शाईने सुधारलेला आहे. वाड्यावरच्या घरांचं असतं ना, ११७ आणि ११८ च्या मध्ये नवं घर उभं राहिलं की ते ११७/अ होतं, तसंच. म्हणून मी वापरतो ते जँगो हे फ्रेमवर्क (सॉफ्टवेअर बांधायचा तयार सांगाडा), तुम्ही काही सांगितलं नाहीत तर स्वतःहून 'आयडी' नावाचा रकाना जोडतं आणि आकडे देण्याचं काम डेटाबेसवर सोपवतं. माझ्याकडे तो पोस्टग्रेस.

आता माझा आवडता भाग. पोस्टग्रेसमध्ये हे आकडे 'सिक्वेन्स' नावाचा एक काउंटर देतो. डेटाबेसमध्ये अर्धवट राहिलेलं काम मागे घेता येतं, जणू घडलंच नव्हतं. काउंटर मात्र आपणहून कधीच मागे येत नाही. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसच्या, शटलचं तिकीट खिडकीवर फाडलं आणि प्रवाशाने बेत बदलला, तरी ते तिकीट परत गुंडाळीला चिकटवता येत नाही, तसं. हा आळस नाही, मुद्दाम केलेली रचना आहे. समजा, एका कामाने १०१ घेतला आणि ते दोन सेकंद चाललंय. तो १०१ परत येण्याची शक्यता ठेवायची, तर दुसऱ्या कामाला १०२ द्यायचा की १०१, हे दोन सेकंद ठरणारच नाही. तिसरं, चौथं, शंभरावं काम सगळी रांगेत. म्हणून काउंटर आकडा देतो आणि विसरतो. शिवाय दर आकड्याला डिस्कवर नोंद करणं महाग, म्हणून पोस्टग्रेस पुढच्या ३२ आकड्यांची नोंद आगाऊ करून ठेवतो. मध्येच सर्व्हर कोसळला तर त्यातले न वापरलेले आकडे वाया.

आणि खरी गंमत पुढे. आमचे ग्रंथपाल यादी एक्सेलमध्ये ठेवतात. माझी स्क्रिप्ट दर १५ मिनिटांनी ती पूर्ण यादी डेटाबेसला देते आणि सांगते, हा दाखल क्रमांक आधीच असेल तर सोडून दे. डेटाबेस सोडूनही देतो. पण कधी? आधी नव्या ओळीसाठी काउंटरकडून आकडा घेतो, मग बघतो की पुस्तक आधीच आहे, आणि ओळ टाकून देतो. आकडा गेला तो गेला. बारा हजार पुस्तकं, दिवसाला ९६ फेऱ्या, म्हणजे रोज ११ लाख ५२ हजार आकडे स्वाहा. स्क्रिप्ट अकरा महिने चालू होती. अडतीस कोटी बरोबर जुळतात.

यात आकड्यासाठी जागा केवढी राखली आहे, ते महत्त्वाचं. जँगोचा जुना रकाना ३२ बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक मावेल अशा ३२ घरांचा. एक बिट चिन्हाकडे जातो, उरलेल्या ३१ मध्ये जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. 'आपल्या एवढ्याशा तक्त्याला २१४ कोटी कधी लागणार?' असं मीही म्हणालो होतो. माझ्या स्क्रिप्टच्या वेगाने ते पाच वर्षं आणि महिनाभरात संपले असते. जुनी पुस्तकं दिसत राहिली असती, नवं एकही चढलं नसतं.

एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या जँगो ३.२ ने याची दखल घेतली. नवा प्रकल्प सुरू केला की सेटिंग्जच्या फाइलमध्ये 'डिफॉल्ट ऑटो फील्ड' म्हणून ६४ बिटांचा 'बिग ऑटो फील्ड' लिहूनच येऊ लागला. जुन्या प्रकल्पात ही ओळ नसेल तर टर्मिनलवर डब्ल्यू०४२ हा पिवळा इशारा यायचा. माझा प्रकल्प जुना. तो इशारा घालवायला मी 'ऑटो फील्ड' लिहून मोकळा झालो होतो, म्हणजे ३२ बिटच. (रेल्स या दुसऱ्या फ्रेमवर्कवाले २०१७ मध्येच ६४ वर गेले. जँगोने सेटिंग नसतानाही ६४ धरायला ६.० या आवृत्तीपर्यंत वेळ घेतला.) ६४ बिटांत ९२ हजार कोटी-कोटी आकडे मावतात. माझ्या उधळ्या स्क्रिप्टलाही ते सुमारे २,१९० कोटी वर्षं पुरतील. विश्वाचं वय १,३८० कोटी. जादा खर्च ओळीमागे चार बाइट.

सेटिंग बदलून मायग्रेशन, म्हणजे तक्त्यांची रचना बदलणारी जँगोची फाइल, चालवलं. बारा हजार ओळी, डोळ्याचं पातं लवेपर्यंत झालं. कोट्यवधी ओळींचा तक्ता असता तर पोस्टग्रेस तो पूर्ण नव्याने लिहीपर्यंत कुलूप लावून बसला असता. देवघेवीच्या तक्त्यात पुस्तकाचा आयडी असतो, तो रकानाही जँगोने सोबत रुंद केला. पुस्तक आणि लेखक यांना जोडणारा तक्ता जँगोने स्वतः बनवलेला असतो. त्याचा स्वतःचा आयडी मात्र हे मायग्रेशन बदलत नाही, तो हाताने करावा लागला. कुणी म्हणेल, सरळ यूयूआयडी (काउंटरशिवाय बनणारा, सहसा पुन्हा न येणारा ओळखक्रमांक) वापर. सध्या प्रत्येक दुखण्यावर हेच औषध सुचवतात. सोळा बाइटांचा तो लांबलचक क्रमांक काकांना फोनवर वाचून दाखवायला लावा, मग बोलू.

आणि गाळलेल्या आकड्यांत अर्थ शोधणारे निराळेच. एका सभासदाने कार्डावर बेरीज नऊ येणारा आयडी मागितला, गाडीला जीए-०३ मध्ये तसाच नंबर घेतलाय म्हणे. दुसऱ्याला १३ वा सभासद कोणीच नाही याचं भारी समाधान. १३ नंबर एका वीज गेलेल्या दुपारी अर्ध्यावर राहिलेल्या फॉर्मने खाल्ला होता.

स्क्रिप्टही सुधारली, आता ती आधी दाखल क्रमांक तपासते आणि नवीनच तेवढे पाठवते. "काउंटर परत बारा हजारांवर आण की," काका म्हणाले. आणता येतो, पण आणला नाही. परवा चढलेल्या पुस्तकाचा दाखल क्रमांक १२,०४६, आयडी अजून अडतीस कोटींतलाच.