माणकीच्या चोचीमागचं विष

माणकी, म्हणजे स्क्विड, साफ करताना आई तिच्या हातांच्या मुळाशी अंगठा दाबते आणि आतून टचकन एक काळपट, कडक चोच बाहेर येते. थेट पोपटाची चोच! लहानपणी आम्ही ती धुऊन काडेपेटीत जपून ठेवायचो. एवढ्या लिबलिबीत प्राण्याच्या तोंडात इतकं टणक काही असतं, याचं तेव्हा नवल वाटायचं. आता त्याहून नवल वाटतं ते या चोचीतून भक्ष्याच्या अंगात उतरणाऱ्या लाळेचं. ती विषारी असते.

ऑक्टोपस, माणकी आणि जिच्या पाठीतला समुद्रफेस आपल्याला वाळूत सापडतो ती कटलफिश, ही सगळी एकाच गोतावळ्यातली. फक्त निळ्या कड्यांचा ऑक्टोपस तेवढा विषारी, असा समज बरीच वर्षं होता. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातले ब्रायन फ्राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की जवळपास सगळे ऑक्टोपस, कटलफिश आणि काही माणक्याही विष बाळगतात. बहुधा एकाच पूर्वजाकडून आलेला हा वारसा.

या विषाची गरज कळते ती कुर्लीमुळे, म्हणजे खेकड्यामुळे. कुर्लीची नांगी किती जोरात धरते ते गोव्यात कुणाला सांगायला नको, आणि ऑक्टोपसच्या अंगावर तर कवचही नाही. झटापट लांबली तर त्याचाच एखादा हात जायचा. म्हणून तो हातांमधल्या पडद्याची छत्री करून कुर्लीला झाकून टाकतो, डोळ्यापाशी किंवा सांध्याच्या मऊ चामडीत चावा घेतो आणि लाळ सोडतो. कुर्ली आधी थरथरते, मग काही मिनिटांत लुळी पडते. लाळेतलीच पाचक द्रव्यं आतलं मांस कवचापासून सुटं करतात. आपण नांग्या फोडून, काडीने उकरून जे काम करतो, ते लाळच करते. बिळाच्या तोंडाशी उरतात ती साफ, पोकळ कवचं.

ही लाळ म्हणजे अनेक रसायनांचं मिश्रण. त्यातलं सेफॅलोटॉक्सिन हे प्रथिन कवचधाऱ्यांना लुळं पाडतं. इटलीचे व्हित्तोरियो एर्स्पामेर यांना ऑक्टोपसच्या लाळग्रंथींत एक द्रव्य सापडलं, त्याचं नाव ऑक्टोपामाइन. पुढे कळलं की कुर्ल्या आणि कीटक यांच्या मज्जासंस्था हेच रसायन रोजच्या निरोपांसाठी वापरतात. म्हणजे कुर्लीच्या अंगात शिरणाऱ्या या लाळेत तिच्याच नसांच्या ओळखीचं एक रसायन असतं! मला या विषयातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

निळ्या कड्यांच्या ऑक्टोपसची गोष्ट वेगळी. त्याच्याकडे टेट्रोडोटॉक्सिन असतं, केंड माशात (पफरफिश) असतं तेच. चावा जाणवतही नाही, पण श्वासाचे स्नायू थांबतात. उतारा नाही, विष ओसरेपर्यंत कृत्रिम श्वास देत राहणं हाच उपाय. ताटातल्या माणकीला मात्र घाबरू नका. तिच्या लाळग्रंथी साफ करतानाच आतल्या घाणीबरोबर निघून जातात.

तिसऱ्यांसारखे शिंपले चावून फुटत नाहीत. ऑक्टोपस आधी ते ओढून उघडू पाहतो. जमलं नाही तर दातेरी जिभेने आणि लाळनळीच्या टोकावरच्या बारीक दातांनी शिंपल्याला छिद्र पाडतो. बऱ्याचदा ते नेमकं शिंपला मिटून धरणाऱ्या स्नायूवर असतं. लाळ आत गेली की स्नायू सैल पडतो आणि शिंपला उघडतो. अमेरिकेत मिळालेल्या सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वीच्या शिंपल्यांवरही अशी छिद्रं आहेत.

गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावरच्या खडकांत ओहोटीला फिरताना छिद्र पडलेले शिंपले हमखास मिळतात. छिद्र वाटोळं, मोठं आणि बशीसारखं उतरत गेलेलं असेल तर ते शिकारी गोगलगाईचं काम. टाचणीच्या टोकाएवढं, जरा लांबट आणि ओबडधोबड दिसलं, तर तो शिंपला उन्हात धरून नीट बघा. त्या छिद्रातून लाळेचा थेंब आत गेलेला असू शकतो.