इम्प्लांटमध्ये स्क्रू आज आणि दात तीन महिन्यांनी, असं का?

बाबांची खालची दाढ काढली, इम्प्लांट म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात करायचं ठरलं, आणि डॉक्टर म्हणाले स्क्रू आज बसवतो पण वरचा दात तीन महिन्यांनी. बाबांनी लगेच विचारलं, एवढे पैसे भरून तीन महिने ती फट तशीच ठेवायची? प्रश्न बरोबरच आहे, पण उत्तर सापडतं थेट स्वीडनमधल्या सशांच्या पायात.

पडलेल्या दाताच्या जागी काहीतरी बसवायची धडपड खूप जुनी आहे. 1931 साली होंडुरासमध्ये जबड्याचा एक तुकडा मिळाला, माया लोकांच्या काळातला, साधारण इ.स. 600 चा, त्यात पुढच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे घासून बसवलेले तुकडे होते. पुढे विसाव्या शतकात वेगवेगळे धातू, स्क्रू, पात्या सगळं वापरून झालं, पण बऱ्याचदा व्हायचं काय की शरीर त्या धातूभोवती मऊ तंतूंचं आवरण तयार करायचं, मग ते हलायचं, इन्फेक्शन व्हायचं आणि जाताना आजूबाजूचं हाडही घेऊन जायचं.

1952 च्या सुमारास पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे स्वीडिश संशोधक, हे दातांचे डॉक्टर नव्हतेच बरं का, हाडातलं रक्ताभिसरण बघायला सशाच्या पायात टायटॅनियमची छोटी नळी बसवत होते. काम झाल्यावर नळी काढायला गेले तर निघेचना, हाड तिला घट्ट चिकटलेलं. टायटॅनियमवर ऑक्साईडचा पातळ थर असतो आणि शरीर त्याला परकं मानत नाही, त्यामुळे मध्ये आवरण न येता हाड सरळ येऊन भिडतं. 1965 मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन या पेशंटच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले आणि 2006 मध्ये लार्सन वारले तोपर्यंत ते काम देत होते! तरी बाकीच्या डॉक्टरांचा विश्वास बसायला 1982 ची टोरांटोची इम्प्लांटवरची परिषद यावी लागली.

तर हाड असं स्क्रूला येऊन भिडायला लागणारा वेळ म्हणजेच ते तीन महिने. सुरुवातीला स्क्रू नुसता आवळून बसलेला असतो, मग जुनं हाड थोडं झिजतं आणि नवीन हळूहळू येतं, आणि या मधल्या आठवड्यांत तो हलला तर परत तेच मऊ आवरण. ब्रोनेमार्क तर वरच्या जबड्याला सहा महिने द्यायचे कारण तिथलं हाड पोकळसर. आता स्क्रूचा पृष्ठभाग खरबरीत करतात म्हणून वेळ कमी झालाय, काहींना त्याच दिवशी तात्पुरता दातही देतात, पण ते तुमचं हाड बघून ठरतं, जाहिरात बघून नाही.

म्हणून त्या बाजूने कडक चावायचं नाही आणि सिगारेट, मिश्री, गुटखा खरंच बंद, कारण तंबाखूने तिथला रक्तपुरवठा कमी होतो. शुगर कंट्रोलमध्ये हवी, आणि हाडं ठिसूळ झाली म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर ते आधीच सांगा, खूप जण विसरतात. खालच्या जबड्यात संवेदनेची नस असते, वरच्या जबड्याच्या वर सायनस म्हणजे हवेची पोकळी, म्हणून आधी सीबीसीटी स्कॅन म्हणजे जबड्याचा थ्रीडी एक्स-रे काढतात.

दात बसल्यावरही तो किडत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, भोवतीची हिरडी सुजून हाड झिजू शकतं आणि दुखत नसल्यामुळे कळतं उशिरा. ब्रश करताना तिथून रक्त आलं, किंवा ऑपरेशननंतर भूल उतरूनही ओठ बधिर राहिला, किंवा तीन दिवसांनी सूज कमी व्हायच्या ऐवजी वाढली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.